दीर म्हणतो कराची उडवलं, भाऊ म्हणतो राफेल पडलं, मी कुणाचं ऐकू?

मावशी, नमस्कार. प्रश्न घरगुती आहे पण सुरुवात युद्धापासून आहे. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर चालू होतं तेव्हा माझा दीर रात्र रात्र न्यूज चॅनल लावून बसायचा आणि घरच्या ग्रुपवर टाकत राहायचा, कराची पोर्ट उडवलं, इस्लामाबाद घेतलं, त्यांचा आर्मी चीफ आत गेला. माझा सख्खा भाऊ कॅनडात असतो, तो तिकडनं लगेच लिंका टाकायचा की तुमची सहा विमानं पडलीत, राफेल पडलंय, तुमचा मीडिया विकला गेलाय. दीर त्याला म्हणाला तू आता आमच्यातला राहिला नाहीस, भाऊ म्हणाला तुम्ही सगळे आंधळे आहात. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. सासरे फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेत, ते टीव्ही बंद करा आणि झोपा एवढंच म्हणाले. सासूबाईंचं बीपी टीव्हीवरच्या भोंग्यांनी वाढलं ते वेगळंच. आता माझ्या बाबांचं सहस्रचंद्रदर्शन आहे, भाऊ येतोय, दीरही असणार. दोघंही मला म्हणतात तूच सांग कोण बरोबर होतं. नवरा म्हणतो गप्प बस. मी काय सांगू? आणि पुन्हा असं काही झालं तर विश्वास कुणावर ठेवायचा?
एक वाचक, कराड

ताई,

नवऱ्याचं निम्मं ऐका. कार्यक्रमाच्या दिवशी गप्प बसा, त्याच्या आधी मात्र दोघांशी वेगवेगळं बोला. कोण बरोबर होतं याचं माझं उत्तर दोघांनाही आवडणार नाहीये. त्या रात्री दोघंही चुकत होते, आणि भावाची जी एक गोष्ट पुढे खरी निघाली त्या गोष्टीतसुद्धा त्या रात्री तो चुकतच होता, कारण तेव्हा त्याला ते माहीत नव्हतं, त्याला ते फक्त पटलं होतं. हे जरा नीट सांगते.

आधी दीराचं बघू. त्याला मूर्खात काढू नका. २२ एप्रिलला काश्मीरमध्ये पहलगामला अतिरेक्यांनी २६ माणसं मारली, त्यात सहा आपल्या महाराष्ट्रातली, डोंबिवलीची, पुण्याची, पनवेलची. फिरायला गेलेली साधी माणसं, बायकामुलांसमोर मारली. दोन आठवडे सगळे पेटलेले होते आणि मग ७ मेच्या पहाटे पाकिस्तान आणि पाकव्याप्त काश्मीरमध्ये नऊ ठिकाणी आपण हल्ले केल्याचं सरकारनं सांगितलं, ते खरंच होतं, पत्रकार परिषद घेऊन सांगितलं. म्हणजे बदला घेतलाय हे कळल्यावर माणूस अजून मोठी बातमी ऐकायला तयारच बसलेला असतो. त्यात कराची. १९७१ च्या ४ डिसेंबरला आपल्या मिसाइल बोटींनी कराचीवर खरोखर हल्ला केला होता, त्याचाच नौदल दिन आपण साजरा करतो, म्हणून कराची पेटलं म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला ते अशक्य वाटतच नाही, उलट वाटतं हां, हेच व्हायला हवं होतं.

आणि तिथंच फसायला होतं, कारण जे व्हायला हवं असं वाटतं त्याचा पुरावा आपण मागत नाही.

८ मेच्या रात्री चॅनलवाल्यांनी काय केलं ते आठवा. आयएनएस विक्रांतनं कराची बंदर उद्ध्वस्त केलं, हे सूत्रांच्या हवाल्यानं. मी बरीच वर्षं पेपरच्या डेस्कवर काढलीत, तेव्हा सूत्र या प्राण्याला मी चांगली ओळखते. सूत्र म्हणजे कधी खराच अधिकारी असतो ज्याला नाव द्यायचं नसतं, कधी दुसऱ्या चॅनलवर चाललेली पट्टी असते, आणि कधी कुणीच नसतं. आमच्या वेळी निदान रात्रीच्या डेडलाइनपर्यंत वेळ मिळायचा, चार फोन व्हायचे, कुणीतरी म्हातारा उपसंपादक खवटपणे विचारायचा की हे सांगितलं कुणी. टीव्हीवर तो वेळच नाही, शेजारच्या चॅनलनं चालवलं की आपण दोन मिनिटं मागे पडलो. कराचीच्या आगीचा म्हणून जो व्हिडिओ फिरला तो अमेरिकेत फिलाडेल्फियाला त्याच वर्षी झालेल्या विमान अपघाताचा होता. एका व्हिडिओ गेममधली क्लिपसुद्धा लढाईचं फुटेज म्हणून फिरली. (गेम खेळणाऱ्या पोरांनी ती लगेच ओळखली असणार, स्टुडिओतल्या मोठ्या माणसांना नाही ओळखता आली.)

आता दीराला कॅनडावाल्या मेव्हण्याचं नाव घेऊन काही सांगू नका, त्याला आपल्या नौदलाचं सांगा. ११ मेला तिन्ही दलांच्या अधिकाऱ्यांनी पत्रकार परिषद घेतली, त्यात व्हाइस अ‍ॅडमिरल ए. एन. प्रमोद म्हणाले की नौदल अरबी समुद्रात पुढे तैनात होतं आणि कराचीसकट समुद्रावरच्या आणि जमिनीवरच्या लक्ष्यांवर आम्हाला हवं तेव्हा मारा करायची पूर्ण तयारी होती. तयारी होती! म्हणजे केला नव्हता. हे सांगणारा माणूस कॅनडात बसलेला नाही, पाकिस्तानचा नाही, नौदलाच्या गणवेशातला आहे. याच्यापुढे कराची उडवलं म्हणायचं तर आपल्याच अ‍ॅडमिरलला खोटं ठरवावं लागेल.

एक अजून सांगा त्याला, आणि हे जरा जड आहे. ७ मेला पाकिस्तानच्या तोफगोळ्यांनी पुंछमध्ये आपलीच माणसं मेली, त्यात तिथल्या मदरशात शिकवणारा एक शिक्षक होता. काही चॅनलनी त्याचा फोटो दाखवून सांगितलं की हा आपण मारलेला दहशतवादी. पुंछच्या पोलिसांना जाहीर खुलासा करावा लागला की असं काही नाही, हा स्थानिक माणूस होता, गोळाबारात गेला. घरात मयत झालंय, तीही शत्रूच्या गोळ्यानं, आणि टीव्हीवर आपलाच अँकर म्हणतोय हा अतिरेकी. दीराला विचारा, त्या घरच्या लोकांनी त्या रात्री काय केलं असेल. कराचीच्या गप्पेनं कुणाचं काही बिघडलं नाही असं तो म्हणेल, इथे बिघडलं.

भावाकडे येते. त्याच्याबाबत मी जास्त कडक आहे, कारण तो स्वतःला जास्त शहाणा समजत होता.

त्याचं जे बरोबर होतं ते आधी मान्य करून टाका, कारण ते मान्य केलं नाही तर तो पुढचं ऐकणारच नाही. आपली विमानं पडली होती. रॉयटर्स या परदेशी वृत्तसंस्थेनं ८ मेलाच अमेरिकी अधिकाऱ्यांच्या हवाल्यानं किमान दोन म्हटलं होतं. आपल्याकडे ११ मेला एअर मार्शल ए. के. भारती म्हणाले की लढाईत नुकसान होतंच, आपले सगळे पायलट परत आलेत, यापुढे ते गेले नाहीत. मग ३१ मेला सिंगापूरमध्ये सीडीएस, म्हणजे तिन्ही दलांचे प्रमुख, जनरल अनिल चौहान यांनी मुलाखतीत सरळ मान्य केलं, म्हणाले विमान पडलं यापेक्षा ते का पडलं हे महत्त्वाचं, आणि सहाचा दावा मात्र साफ चुकीचा आहे. आपल्याला कळू देत नाहीत ही भावाची तक्रारही हवेत नव्हती, त्या दिवसांत सरकारनं ८००० पेक्षा जास्त अकाउंट्स भारतात बंद करायला सांगितल्याचं एक्सनंच (पूर्वीचं ट्विटर) जाहीर केलं होतं, बातम्या देणारी एक वेबसाइटही अडवली गेली. हे सगळं खरंय आणि ते लपवून दीराची बाजू घेण्यात काही अर्थ नाही.

पण तो किमान दोन किंवा काही म्हणत नव्हता ना. तो सहा म्हणत होता, आणि तो आकडा पाकिस्तानचा होता. आधी त्यांनी पाच सांगितली, मग सहा. त्यांचे संरक्षण मंत्री ख्वाजा आसिफ यांना सीएनएनवर पुरावा विचारला तेव्हा ते म्हणाले सोशल मीडियावर सगळं आहे, तेही भारतातल्या सोशल मीडियावर. एका देशाचा संरक्षण मंत्री! म्हणजे आपला दीर जसा फॉरवर्ड वाचून बोलत होता तसाच हा. पुढे तर त्यांचे उपपंतप्रधान इशाक दार यांनी सिनेटमध्ये सांगितलं की ब्रिटनच्या डेली टेलिग्राफ या पेपरनं पाकिस्तानी हवाई दलाला आकाशाचा राजा म्हटलंय, आणि ते पानच बनावट होतं. कुणी पकडलं? पाकिस्तानच्याच डॉन वर्तमानपत्रानं. हे भावाला मुद्दाम सांगा, आणि दीरालाही सांगा, कारण दीराला वाटतं तिकडे सगळेच खोटारडे, आणि भावाला वाटतं खोटेपणा फक्त इकडे.

बाहेरचा मीडिया म्हणजे निष्पक्ष, हाही एक भाबडेपणाच आहे. १५ नोव्हेंबर २०२२ ला पोलंडमध्ये युक्रेनच्या सीमेजवळ पशेवोदुव नावाच्या गावात क्षेपणास्त्र पडून दोन माणसं गेली. असोसिएटेड प्रेस, म्हणजे जगभरचे पेपर जिच्यावर डोळे मिटून विसंबतात ती एजन्सी, तिनं एका अमेरिकन गुप्तचर अधिकाऱ्याच्या हवाल्यानं अलर्ट सोडला की रशियाची क्षेपणास्त्रं नाटोच्या देशात पडली. पोलंड नाटोचा सदस्य, एकावर हल्ला तो सगळ्यांवर हल्ला असा करार, त्यामुळे त्या रात्री लोक तिसऱ्या महायुद्धापर्यंत पोचले होते. दुसऱ्या दिवशी पोलंडचे राष्ट्राध्यक्ष आणि नाटोचे प्रमुख दोघंही म्हणाले की ते बहुतेक युक्रेनचंच, रशियाचा मारा थोपवायला सोडलेलं क्षेपणास्त्र होतं. एपीनं बातमी मागे घेतली, रिपोर्टरला काढलं. नाव न दिलेला एकच सूत्र, इंग्रजीत असला तरी तो सूत्रच असतो.

एवढा फरक मात्र मी करेन, आणि दीराला तो आवडणार नाही. एपीनं चूक छापून मागे घेतली, लेखी. आपल्याकडे कराचीच्या रात्रीनंतर किती चॅनलनी तितक्याच मोठ्या अक्षरात सांगितलं की आमचं चुकलं? कुणी एखाद्या अँकरनं माफी मागितली असेल, बाकीचे दुसऱ्या दिवशी दुसऱ्या विषयावर ओरडायला लागले. पक्षपात सगळीकडे असतो, पण चुकलेलं दुरुस्त करायची सवय सगळीकडे सारखी नसते, आणि कुणावर विश्वास ठेवायचा या तुमच्या प्रश्नाचं एक उत्तर तिथं आहे. जो मागची चूक दुरुस्त करतो त्याचं पुढचं ऐकावं.

दुसरं उत्तर मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. बोलणाऱ्याला ते बोलून तोटा होतोय का बघा. आपण त्यांची किती पाडली हे आपण सांगणार, त्यांनी आमची किती पाडली हे ते सांगणार, त्यात नवल काय. पण स्वतःचं नुकसान स्वतःच्या तोंडानं सांगितलं तर ते सहसा खरं असतं, म्हणून चौहान यांचं वाक्य पाकिस्तानच्या शंभर दाव्यांपेक्षा जड, आणि डॉननं आपल्याच उपपंतप्रधानाला उघडं पाडणं आपल्या चॅनलच्या शंभर तासांपेक्षा जड.

या कसोटीचा त्रास असा की ती उशिरा लागते. २७ फेब्रुवारी २०१९ आठवा, पाकिस्तानातल्या बालाकोटवर आपण हवाई हल्ला केला त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. पाकिस्ताननं सकाळी सांगितलं भारताचे दोन पायलट पकडले, संध्याकाळी म्हणाले एकच आहे. त्याच सकाळी बडगाममध्ये आपलं एमआय-१७ हेलिकॉप्टर पडलं, हवाई दलाचे सहा जण आणि खाली एक गावकरी गेला. त्या सहांत नाशिकचा एक स्क्वाड्रन लीडर होता, त्याच्या पत्नीनं तेव्हाच सांगितलं होतं की सोशल मीडियावर युद्ध खेळणं बंद करा. हेलिकॉप्टर कशानं पडलं यावर त्या दिवशी प्रत्येकाकडे थिअरी होती, तांत्रिक बिघाड, शत्रूचा हल्ला. ४ ऑक्टोबरला नवे हवाई दल प्रमुख भदौरिया यांनी सांगितलं, आपलंच क्षेपणास्त्र लागलं होतं, मोठी चूक होती. सात महिने! पहिल्या दिवशी निकाल देणारे म्हणजे मतमोजणीच्या पहिल्या फेरीलाच गुलाल उधळणारे कार्यकर्ते.

भाऊ यावर म्हणेल, बघ, लपवलंच ना. त्यावर घाई करू नका. लढाई चालू असताना कुठलंही सैन्य आपलं नुकसान लगेच सांगत नाही, किती विमानं उरली, कुठून उडाली होती, पायलट अजून शत्रूच्या हद्दीत आहे का, हे समोरच्याला कळू नये म्हणून. २६/११ ला आपण मुंबईत याची किंमत मोजलीय, कमांडो कुठून उतरतायत हे टीव्हीवर लाइव्ह दिसत होतं आणि तिकडे बसलेले लोक ते बघून आतल्यांना फोनवर सांगत होते, सुप्रीम कोर्टानं कसाबच्या निकालात चॅनलवाल्यांना त्यावरून झापलंय. म्हणून २६ एप्रिलला सरकारनं लाइव्ह दाखवू नका अशी सूचना काढली त्यात मला गैर काही वाटत नाही. वेबसाइट अडवणं मला गैर वाटतं. दोन्ही एकच नाहीत. गप्प बसणं वेगळं आणि दुसऱ्याला गप्प बसवणं वेगळं, आणि ते सांगत नाहीत म्हणजे शत्रू म्हणतोय तेच खरं, हा निष्कर्ष तर कशातनंच निघत नाही. न सांगण्यातनं फक्त एवढंच कळतं की सांगितलेलं नाही.

तुमच्या सासऱ्यांना हे सगळं माहीत असणार, म्हणून ते झोपले. ज्यानं नोकरी सीमेवर केलीय त्याला ठाऊक असतं की शेजारच्या चौकीवर काय झालं हे सुद्धा सकाळी कळतं. दीराशी बोलताना त्यांना बरोबर बसवा, ते दोन वाक्यं बोलले तरी पुरे, तुमच्या माझ्या वीस वाक्यांपेक्षा दीर त्यांचं ऐकेल. शंका घेणं म्हणजे देशद्रोह नाही हे सुनेनं सांगणं वेगळं आणि सुभेदारानं सांगणं वेगळं. भावाशी मात्र तुम्हीच बोला, तो येण्याआधी, फोनवर, टाइप करून नाही. त्याला म्हणा विमानांचं तुझं बरोबर निघालं, पण घरात सगळे घाबरलेले होते, आईबाबा इथे होते, मॉक ड्रिल चालले होते, आणि तू टोरांटो का व्हँकुव्हर जिथे असशील तिथनं स्कोअर सांगितल्यासारखं सांगत होतास. दीराला राग आकड्याचा नाही आला, त्या सुराचा आला. हे त्याला कळत नसेल असं नाही. आणि दीर त्याला तू आमच्यातला राहिला नाहीस म्हणाला ते वाक्य मात्र दीरानं मागे घ्यायला हवं, ते बातमीबद्दल नव्हतंच, त्यात कोण बरोबर असा प्रश्नच येत नाही.

बाबांच्या कार्यक्रमात हा विषय कुणी काढू नये एवढं बघा. निघालाच तर एखादा काका हमखास म्हणेल की तुम्ही दोघं समोरासमोर बसा आणि मिटवून टाका, तसलं काही होऊ देऊ नका, मांडवात पंधरा माणसांसमोर कुणीही माघार घेत नाही.

पुढच्या वेळचं म्हणाल तर पहिले दोन दिवस ग्रुपवर युद्धाच्या बातम्या टाकायच्या नाहीत असं आधीच ठरवा, शांत असताना ठरवा, पेटल्यावर कुणी ऐकत नाही. त्या दोन दिवसांत फक्त सरकारी ब्रीफिंग बघायचं आणि त्यातही काय सांगितलं याच्या इतकंच काय सांगितलं नाही याकडे लक्ष द्यायचं. तुमच्या गावाला, प्रवासाला, शाळेला काही सूचना असेल तर ती प्रशासनाकडनं येईल, अँकरकडनं नाही. व्हिडिओ आला तर तो कधीचा आणि कुठला हे कळल्याशिवाय पुढे पाठवायचा नाही, आणि जो बघून तुम्हाला फार बरं वाटलं तो तर आधी तपासायचा. सासूबाईंच्या खोलीत न्यूज चॅनल नकोच. स्टुडिओत वाजवलेले ते भोंगे खरे नव्हते, कार्यक्रमात असे सायरन वापरू नका असं शेवटी नागरी संरक्षण खात्याला चॅनलना सांगावं लागलं, कारण खरा भोंगा वाजला तर लोक टीव्हीचाच समजतील. बीपीच्या गोळीबरोबर मालिका लावून द्या त्यांना.

आणि जेवताना कुणी विचारलंच की मग नक्की किती विमानं पडली, तर जे माहीत आहे तेवढंच सांगा. भारतानं नुकसान झाल्याचं मान्य केलं, सीडीएसनी आकडा दिला नाही आणि सहाचा दावा फेटाळला. ९ ऑगस्टला बेंगळुरूत एअर चीफ मार्शल ए. पी. सिंग म्हणाले पाकिस्तानची पाच लढाऊ विमानं आणि एक मोठं विमान पाडलं. पाकिस्ताननं तेही फेटाळलं, म्हणाले दोघांनीही आपापल्या विमानांचा हिशोब तिसऱ्याकडून तपासून घेऊ या. याच्यापुढे कुणी ठाम आकडा टाकला, मग तो दीर असो, भाऊ असो नाहीतर कॅटरिंगवाला असो, तर विचारायचं, कुणी सांगितलं आणि कधी सांगितलं. नाव आणि तारीख मिळाली तर मला पण कळवा.